ठाण्यास पाठवा!

एखादा सोबती अबोल झाला, त्याची झोप उडाली, वाचलेले ध्यानात राहीनासे झाले, की आम्ही विद्यार्थी त्यास 'ठाण्यास पाठवा' असे म्हणून हसतो. ठाण्यास व येरवड्यास मनोरुग्णांची इस्पितळे आहेत, एवढाच त्या गावांचा अपराध! हिवतापाने फणफणलेल्यास मात्र कोणी हसत नाही. १९१२ चा कायदा अशा रोग्यांस वेडेच म्हणे. १९८७ च्या कायद्याने तो शब्द टाकिला, आणि २०१७ च्या कायद्याने उपचार हा प्रत्येकाचा हक्क ठरविला. आमची जीभ तेवढी १९१२ सालीच राहिली आहे. या हशाच्या भयाने मुलगा घरीही बोलत नाही, व दुखणे वाढते. अशी लक्षणे दोन आठवडे टिकल्यास पालकांनी डॉक्टरांस दाखवावे. १४४१६ या सरकारी दूरध्वनीवरही मराठीतून विनामूल्य सल्ला मिळतो.