हुजूर पक्ष आणि हवामान बदल : एका भूमिकांतराचा अभ्यास

परंपरेविषयी आदर, खाजगी मालमत्तेचे संरक्षण, शासनाच्या हस्तक्षेपाविषयी संशय आणि घाईने केलेल्या बदलांविषयी सावधगिरी ही पुराणमतवादाची मूलतत्त्वे आपणांस परिचित आहेत. हवामान बदलाच्या प्रश्नावर ही विचारप्रणाली मानणारे राजकारणी आपली भूमिका का आणि कशी बदलतात, हे प्रस्तुत घटकात ब्रिटनच्या हुजूर पक्षाच्या उदाहरणावरून पाहावयाचे आहे.

आरंभी एका शब्दाची अडचण लक्षात घ्या. 'पुराणमतवाद' हा शब्द ऐकताच आपल्या मनात जुन्या मतांना चिकटून राहणारा मनुष्य उभा राहतो. मूळ इंग्रजी संज्ञेच्या धातूचा अर्थ मात्र 'जतन करणे' असा आहे. आपल्या प्रतिशब्दात तो अर्थ हरवला आहे. त्यामुळे पुराणमतवादी नेत्याने पृथ्वीच्या रक्षणाची भाषा केली की मराठी वाचकाला ती विसंगती वाटते. वस्तुतः समाज म्हणजे मृत, जिवंत आणि अद्याप न जन्मलेल्या माणसांमधील भागीदारी होय, हे एडमंड बर्कने १७९० मध्येच मांडले होते.

या विचाराला हवामानाच्या संदर्भात वाचा फोडली ती मार्गारेट थॅचर यांनी. सप्टेंबर १९८८ मध्ये रॉयल सोसायटीपुढील भाषणात त्यांनी हरितगृह वायूंच्या वाढीचा प्रश्न उपस्थित केला. त्या स्वतः रसायनशास्त्राच्या पदवीधर होत्या, हे येथे विसरून चालणार नाही. पुढच्याच महिन्यात ब्रायटन येथील पक्षाच्या अधिवेशनात त्यांनी जी उपमा वापरली, ती अभ्यासकाने बारकाईने पाहावी. कोणत्याही पिढीकडे पृथ्वीची मालकी नाही. आपण केवळ हयातीपुरते भाडेकरू आहोत आणि डागडुजीची संपूर्ण जबाबदारी आपलीच आहे, असा तिचा आशय होता. निसर्गप्रेम किंवा समता यांची परिभाषा येथे नाही. घर, भाडेपट्टा, दुरुस्ती हे मध्यमवर्गीय मतदाराच्या रोजच्या व्यवहारातले शब्द आहेत. मालमत्तेच्या कल्पनेतूनच मालमत्तेवरची मर्यादा काढून दाखवणे हे या मांडणीचे सामर्थ्य होय.

१९८४-८५ मध्ये कोळसा खाणकामगारांचा संप मोडून काढणाऱ्या पंतप्रधानांना कोळशाविरुद्धचा हा युक्तिवाद सोयीचाच होता, असे टीकाकार म्हणतात. हा आक्षेप अगदीच निराधार म्हणता येणार नाही. तथापि, हेतू संमिश्र असला म्हणून युक्तिवाद खोटा ठरत नाही. पुढे 'स्टेटक्राफ्ट' (२००२) या ग्रंथात थॅचर यांनीच हवामानविषयक इशाऱ्यांबद्दल आणि त्यांतून सुचवल्या जाणाऱ्या शासकीय उपायांबद्दल तीव्र साशंकता व्यक्त केली. एकाच व्यक्तीच्या विचारात जतनाचे तत्त्व आणि शासनाविषयीचा संशय यांनी असा आलटूनपालटून वरचष्मा मिळवला.

त्यानंतरचा चढता काळ थोडक्यात सांगता येईल. डेव्हिड कॅमेरन २००६ मध्ये स्वालबार्डच्या हिमप्रदेशात कुत्र्यांच्या घसरगाडीतून फिरले. त्या छायाचित्रांची थट्टाही पुष्कळ झाली. परंतु २००८ चा हवामान बदल कायदा मजूर पक्षाच्या सरकारने आणला, तेव्हा विरोधात बसलेल्या हुजूर पक्षाने त्यास पाठिंबा दिला. २०५० पर्यंत उत्सर्जन १९९० च्या तुलनेत ८० टक्क्यांनी घटवण्याचे त्यातील उद्दिष्ट थेरेसा मे यांच्या सरकारने २०१९ मध्ये 'निव्वळ शून्य' इतके कडक केले. बोरिस जॉन्सन यांनी नव्या पेट्रोल व डिझेल मोटारींच्या विक्रीवर २०३० पासून बंदी जाहीर केली.

मग ओहोटी कोठून लागली? जुलै २०२३ मधील अक्सब्रिजची पोटनिवडणूक हुजूर पक्षाने केवळ ४९५ मतांनी जिंकली. जुन्या, अधिक धूर सोडणाऱ्या वाहनांना दररोज साडेबारा पौंड आकारणारी लंडनच्या महापौरांची योजना हा तेथील प्रचाराचा मुख्य मुद्दा होता. ही योजना शहरातील हवेच्या शुद्धतेसाठी होती, हवामान बदलासाठी नव्हे. परंतु प्रचाराच्या धामधुमीत असे भेद टिकत नाहीत. दोनच महिन्यांनी ऋषी सुनक यांनी मोटारविक्रीवरील बंदी २०३५ पर्यंत पुढे ढकलली. सामान्य कुटुंबांवर पडणारा खर्चाचा बोजा हे कारण त्यांनी दिले. २०५० चे उद्दिष्ट मात्र त्यांनी सोडले नाही. केमी बेडनॉक यांनी २०२५ मध्ये ते उद्दिष्टही अशक्य ठरवले आणि सत्तेवर आल्यास २००८ चा कायदाच रद्द करण्याचे आश्वासन दिले. थेरेसा मे यांनी त्यास उघड विरोध केला.

सुनक आणि बेडनॉक यांच्या भूमिकांना सरसकट 'माघार' म्हणणे अपुरे आहे. पहिल्याने साध्य कायम ठेवून गती कमी केली. दुसरीने साध्यच नाकारले. खर्चाविषयीची तक्रारही केवळ बहाणा मानू नये. जुनी गाडी चालवणाऱ्या गवंड्याला किंवा परिचारिकेला ती बदलण्याचा भुर्दंड खरोखरच सोसावा लागतो. थॅचर यांच्या उपमेत डागडुजीची जबाबदारी भाडेकरूंवर होती. पण एकाच घरात श्रीमंत आणि गरीब भाडेकरू राहत असतील, तर कोणी किती द्यावे, याबद्दल ती उपमा काहीच सांगत नाही. अक्सब्रिजच्या मतदाराने नेमके तेच विचारले होते.

स्वयं-अध्ययन : आपल्या भागातील एखाद्या पर्यावरणविषयक निर्णयाबाबत (उदा. प्लॅस्टिकबंदी, वाळू उपसा) एका राजकीय पक्षाची गेल्या काही वर्षांतील विधाने वृत्तपत्रांतून जमवा. बदल साध्यात झाला, साधनात झाला, की खर्च कोणी सोसावा या मुद्द्यावर झाला, हे सुमारे १५० शब्दांत लिहा.