दोन घोड्यांची गाडी आणि रात्रीचं पॅरिस

पॅरिसमध्ये रात्री शहर बघायला सित्रोएन कंपनीची जुनी 'द शव्हो' गाडी चालकासह भाड्याने मिळते. या नावाचा अर्थ 'दोन घोडे'. कापडी छत गुंडाळलं की वर मोकळं आकाश! अंधार पडल्यावर दर तासाला पाच मिनिटं आयफेल टॉवर लुकलुकतो, तोही बसल्या जागेवरून दिसतो.

पण गाडीकडेही नीट बघा बरं! १९४८ साली लोकांसमोर आलेली ही गाडी मुळात साध्या शेतकऱ्यांसाठी होती. नांगरलेल्या शेतातून नेली तरी टोपलीतली अंडी फुटू नयेत, अशी अट होती! १९९० मध्ये तिचं उत्पादन थांबलं. शेतकऱ्याची गरज आज पर्यटकांची हौस झाली आहे.

तुमच्या गावातलं असं जुनं वाहन कोणतं? आजी-आजोबांना विचारा आणि पाच ओळी लिहा.