पालथी होडी

धाराशिव जिल्हा अवर्षणाचा. येथे होडीचे अगत्य कोणास असणार? तलाव आटले, की होडी काठावर पालथी पडते आणि विस्मरणात जाते. परंतु सन २०२५ च्या सप्टेंबर महिन्यात भूम व परंडा तालुक्यांतील गावांना पुराने वेढले, तेव्हा माणसे बाहेर काढण्यास हेलिकॉप्टरे आणि होड्याच आणाव्या लागल्या.

आजची होडी बहुधा फायबरची असते. काचेच्या बारीक तंतूंचे थर राळेत बसवून तिचे अंग घडवितात व त्यावर रंगीत राळेचा गुळगुळीत लेप देतात. हा लेप जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीचा! उन्हाने तो पिठूळ होतो. त्यावर शेवाळ व क्षारांची पुटे चढतात. अशी होडी पाहताच आपला हात वाळूकडे किंवा तारेच्या घासणीकडे जातो. भांड्यांची ही रीत येथे घातक ठरते. लेप खरवडला गेला, की पाणी आत झिरपते आणि कालांतराने अंगावर फोड येतात.

म्हणून प्रथम भरपूर पाणी ओतून माती सुटू द्यावी. कोरडी माती घासली, तर तीच ओरखडे काढते. मग साबणाचे पाणी आणि मऊ कुंचा घ्यावा. क्षारांच्या डागांवर लिंबाचा रस थोडा वेळ ठेवून ते धुवावेत. आम्लाने चुना विरघळतो, हे तुम्ही विज्ञानात शिकला असालच. होडी सुकली, की मेणाचा हात द्यावा.

तत्पूर्वी मात्र तळावरून सावकाश बोट फिरवावे. शेवाळाखाली दडलेली केसाएवढी चीर याच वेळी सापडते. तेथे खडूने खूण करावी आणि ती चीर बुजविल्याखेरीज होडी पाण्यात लोटू नये.