घरातील आजार आणि घराबाहेरची सोबत

आपल्या परिसराच्या इतिहासात दारूविरुद्धचे दोन मोठे लढे नोंदले गेले आहेत. १९३७-३८ च्या सुमारास तळोदा तालुक्यात गुलाम महाराजांनी आरतीसाठी जमणाऱ्या आदिवासी बांधवांना दारू सोडण्याचा उपदेश केला. त्यांच्या निधनानंतर बंधू रामदास महाराजांनी ते कार्य पुढे नेले. दुसरा लढा शहाद्याचा. १९७२ साली तेथे श्रमिक संघटना स्थापन झाली. जमीन व मजुरीच्या प्रश्नांवर संघटित झालेल्या भिल्ल स्त्रिया पुढे गावोगावी जाऊन दारूची मडकी फोडू लागल्या आणि बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला भर गावात जाब विचारू लागल्या.

इतिहासाचा शिक्षक म्हणून हा भाग मी वर्गात नेहमी आवडीने शिकवला. मडकी फुटल्यावर त्या रात्री घरात काय घडले असेल, हा प्रश्न मात्र मला फार उशिरा पडला.

काही वर्षांपूर्वी भेटीच्या रविवारी एका विद्यार्थ्याचे वडील पिऊन वसतिगृहाच्या फाटकाशी आले. मी त्यांना चारचौघांत पंचशीलाची आठवण करून दिली आणि परत पाठवले. कर्तव्य बजावल्याचे समाधानही वाटले. मुलगा त्या रात्री जेवला नाही. पुढच्या भेटीला त्याची आई एकटीच आली. म्हणाली, "सर, त्यांनी सोडली होती. तिसऱ्या दिवशी हात थरथरायला लागले, भिंतीवर माणसं दिसायला लागली. भाऊबंद म्हणाले, बाहेरचं आहे. भगताकडे नेलं. शेवटी घरच्यांनीच पुन्हा पाजली, तेव्हा शांत झाले." पाचवे शील माणसाने स्वतः ग्रहण करावयाचे असते. ते मी दुसऱ्याच्या अंगावर फेकले होते, याची जाणीव मला तेव्हा झाली.

त्या मातेने सांगितलेली लक्षणे वैद्यकशास्त्राला परिचित आहेत. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने दारू एकाएकी थांबवली, तर पहिल्या दोन-तीन दिवसांत थरथर, घाम, भास, क्वचित झटकेही येतात. प्रसंगी ते जिवावर बेततात. म्हणून सोडण्याचा निश्चय झाला, की त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. आणखी एक गोष्ट बजावून सांगणे आवश्यक आहे. दारू सोडवण्याचे औषध जेवणात चोरून कालवण्याची प्रथा आपल्याकडे आहे. त्यातील काही औषधांवर दारू पोटात गेली, तर रक्तदाब कोसळून प्राणावर संकट येते. रुग्णाच्या नकळत असले औषध कदापि देऊ नये.

कुटुंबाचे वागणेही आजाराभोवती फिरू लागते. आई उधारी फेडते, पत्नी कामाच्या ठिकाणी "ताप आहे" असे कळवते, मुले गप्प राहायला शिकतात. हे सारे मायेपोटी होते, परंतु त्यामुळे व्यसनाची झळ व्यसनी माणसापर्यंत पोहोचतच नाही. पिऊन आलेल्याशी रात्री वाद घालून काही साधत नाही. सकाळी तो शुद्धीवर असताना, झालेला प्रकार आवाज न चढवता सांगावा. मारहाण होत असेल तर मात्र समजुतीची भाषा पुरे. आधी स्त्री व मुलांनी सुरक्षित जागी जावे.

पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता अवचट यांनी पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने 'मुक्तांगण' सुरू केले. तेथे रुग्णांच्या पत्नींसाठी 'सहचरी' हा गट चालतो. 'माझ्याच नशिबी हे का' असे मानणारी स्त्री तेथे तीच कहाणी दहा जणींच्या तोंडून ऐकते. मला यात शहाद्याच्या त्या स्त्रिया दिसतात. त्यांनी मडकी फोडली, ती एकत्र येऊनच. एकटीने फोडली असती, तर घरी मार खाल्ला असता.

मानसिक आजाराची लाज तर दारूपेक्षाही खोल. मूळचे खानदेशातील व पुढे कॅनडात संख्याशास्त्राचे प्राध्यापक झालेले डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया होता. त्यांनी ते लपवले नाही. पुण्यात 'स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन' उभी केली आणि २००४ च्या 'देवराई' या चित्रपटामागेही त्यांचीच प्रेरणा होती. अशा आजारात बरे वाटू लागताच गोळ्या बंद करण्याचा मोह होतो. तो निर्णय डॉक्टरांवर सोपवावा. आत्महत्येची भाषा कानी आली, तर ती धमकी समजून टाळू नये. थेट विचारावे आणि त्या व्यक्तीला एकटे सोडू नये. 'टेली मानस' या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य व अहोरात्र चालतो. तेथे मराठीतून बोलता येते. अक्कलकुवा-धडगावच्या पाड्यांवर रेंज मिळणे ही वेगळी अडचण. तेथे आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी जे आरोग्यसेवक वा शिक्षक आहेत, त्यांनी आपला फोन पुढे करावा.

त्या विद्यार्थ्याच्या वडिलांनी दोनदा उपचार घेतले, दोनदा पुन्हा घसरले. तिसऱ्या वेळी त्यांच्या पत्नीसोबत मीही दवाखान्यात गेलो. फाटकावरच्या त्या रविवारबद्दल बाकावर बसून त्यांची क्षमा मागितली. ते म्हणाले, "सर, पोराला सांगा, मी आलो होतो." मी परत आल्यावर मुलाला ते सांगितले.