पहिले बोन्साय कोणत्या झाडाचे?

प्रश्न : बोन्साय पहिल्यांदाच करायचे आहे. कोणते झाड घ्यावे?

उत्तर : बोन्सायची वेगळी बुटकी जात नसते. साध्याच झाडाची मुळे व फांद्या छाटून ते उथळ कुंडीत लहान ठेवलेले असते. म्हणून पहिले झाड स्थानिक हवेत तगणारे आणि छाटणी सोसणारे हवे. महाराष्ट्रात नर्सरीत ‘फायकस’ म्हणून मिळणारा लहान पानांचा, वडाच्या कुळातला प्रकार सर्वांत सोयीचा. छाटल्यावर त्याला लवकर नवे फुटवे येतात आणि दमट हवेत खोडाला पारंब्याही सुटतात. वड-पिंपळाची पाने मोठी असल्याने लहान कुंडीत प्रमाण साधणे अवघड जाते.

पाणी घालायला विसरणाऱ्यांसाठी जेड बरे. त्याच्या मांसल पानांत पाणी साठलेले असते. पावसाळ्यात मात्र ते आडोशाला ठेवावे, नाहीतर मुळे कुजतात. बोगनवेल फुलते छान, पण कुंडी बदलताना तिची मुळे सहज दुखावतात.

चित्रांत हमखास दिसणाऱ्या ज्युनिपरचा मोह टाळलेला बरा. त्याला थंडीतली विश्रांती लागते. मुंबई-कोकणच्या उकाड्यात तो टिकत नाही, आणि मेल्यावरही काही आठवडे हिरवाच दिसतो.

नर्सरीत फक्त शेंडा पाहू नये. वरची माती बोटाने सारून बुंधा पाहावा: तळाशी जाड, वर निमुळता, मुळे चहूबाजूंनी पसरलेली आणि खालच्या फांद्या शाबूत. घरात आणल्यावर जागा गॅलरीत, रोज चार-पाच तास ऊन येईल तिथे; दिवाणखान्यातल्या टीपॉयवर नव्हे.