ऐकू येते, पण समजत नाही

लग्नाच्या गर्दीत आवाज कानी पडतो, शब्द मात्र समजत नाही. दोष फक्त कानाचाच असतो असे नाही. मेंदूच्या देठात, म्हणजे मस्तिष्कस्तंभात, काही पेशींचे काम इतर पेशींना आवरण्याचे. गोंगाटातून बोलणे वेगळे काढायला त्या मदत करतात.

अमेरिकेत इलिनॉयच्या डॉ. डोनाल्ड कॅस्परी यांच्या गटाने १९९० साली उंदरांच्या मेंदूचे पातळ काप घेऊन, 'गाबा' हे आवरणारे रसायन असलेल्या पेशी रंगवून मोजल्या. ऐकण्याच्या एका केंद्रात म्हाताऱ्या उंदरांत त्या सुमारे ३६ टक्के कमी भरल्या. पेशी मेल्या की नुसते रसायन आटले, हे अशा मोजणीवरून ठरत नाही.

घरच्यांना सांगा, ओरडू नका; टीव्ही बंद करा, समोर बसून सावकाश बोला. कानाची तपासणी मात्र टाळू नये.