मोठ्या माणसांचे जुलाब : कारणे, ओळख व उपाय



जुन्नर व आंबेगाव तालुक्यांच्या पश्चिम भागात मृगाचा पाऊस लागला म्हणजे डोंगरउतारावरील शेण व मळ ओढ्यांत उतरतो आणि झऱ्यांच्या व उघड्या विहिरींच्या पाण्यात मिसळतो. भातलावणीची घाईही त्याच दिवसांत असते. अशा वेळी लहान मुलास जुलाब झाले तर आई लागलीच धावाधाव करते. परंतु घरचा कर्ता पुरुष अथवा स्त्री आजारी पडली, तर "पोट बिघडले आहे, होईल बरे" असे म्हणून ती दिवसभर खाचराच्या चिखलात उभी राहते. यास्तव मोठ्या माणसांच्या जुलाबांविषयी हा धडा आम्ही देत आहो.

रोगाचे स्वरूप. दिवसातून तीन अथवा अधिक वेळा पातळ शौचास होणे यास जुलाब, हगवण किंवा अतिसार म्हणतात. शौचावाटे शरीरातील पाणी व क्षार निघून जातात. रोग्याचा प्राण बहुधा या सुकण्याने जातो. म्हणून "शौचास पातळ होते, तर पाणी बंद करा" ही जुनी समजूत अत्यंत घातक होय. जितके गेले तितके परत दिले पाहिजे, हेच या धड्याचे सार आहे.

कारणे. दूषित पाणी, न धुतलेले हात, माशा बसलेले व शिळे अन्न यांच्या द्वारे जंतू पोटात जातात. उन्हाळ्यात झरे आटले म्हणजे नदीच्या पात्रात खड्डा खणून पाणी भरतात. तेही निर्भय नव्हे. काही औषधांनीही जुलाब होतात. मधुमेहावरील मेटफॉर्मिन हे त्यांपैकी एक आहे. आपल्या डोंगरात हिरडा पुष्कळ होतो, परंतु पक्व हिरड्याने कोठा साफ होतो, म्हणून जुलाबाच्या रोग्यास तो देऊ नये.

पूर्वी पटकीची साथ आली म्हणजे कित्येक गावांत मरीआईचा गाडा शिवेबाहेर नेत असत. गाडा पुढच्या गावी जाई, पण विहीर जागीच राही. सन १८८४ मध्ये रॉबर्ट कॉख या जर्मन वैद्याने कलकत्त्यास रोग्यांच्या आतड्यांत व तेथील तळ्याच्या पाण्यात पटकीचे जंतू दाखवून दिले. तेव्हापासून शत्रू कोठे दडतो हे जगास ठाऊक झाले.

ओळख. रोग्याजवळ बसून चार प्रश्न विचारावे : किती दिवस झाले? शौचात रक्त किंवा आव आहे काय? ताप आहे काय? शेवटची लघवी केव्हा झाली?

साधे जुलाब पाण्यासारखे असतात व बहुधा काही दिवसांत आपोआप थांबतात. रक्त, आव, पोटात मुरडा व ताप असल्यास तो आमांश होय. तांदळाच्या धुवणासारखे पाणी भराभर जात असेल तर पटकीचा संशय धरावा. तीत काही तासांतच प्राण जाऊ शकतो. दोन आठवड्यांहून अधिक चालणाऱ्या जुलाबांची तपासणी अवश्य करवावी, कारण आतड्यांचा क्षय, थायरॉइडचा विकार व कर्करोग यांतही असे होते.

जीभ कोरडी, डोळे खोल, उभे राहताच घेरी, सहा तास लघवी नाही, नाडी जलद व क्षीण, बोलणे असंबद्ध, ही शरीर सुकल्याची चिन्हे होत.

उपचार. सन १९७१ मध्ये बांगलादेशाच्या युद्धातील निर्वासितांत बनगाव येथे पटकी पसरली. शिरेतून देण्याचे सलाइन संपत आले, तेव्हा डॉक्टर दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ व सोडा यांचे पाणी रोग्यांस पाजविले. जेथे शंभरांत सुमारे तीस मरत होते, तेथे ते चारांहून कमी झाले. साखरेच्या संगतीने मीठ व पाणी आतड्यातून रक्तात शिरतात, हे त्यातील मर्म होय.

आशाताईंकडे अथवा आरोग्य केंद्रात मिळणारी जलसंजीवनीची पुडी, तीवर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात पूर्ण मिसळावी. पुडी नसल्यास एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. मीठ अधिक पडल्यास अपाय होतो. दर पातळ शौचानंतर एक ते दोन पेले द्यावे; उलटी झाल्यास दहा मिनिटे थांबून घोट घोट पाजावे. उरलेले पाणी चोवीस तासांनी टाकून द्यावे. भाताची पेज, ताक, मुगाची खिचडी व केळे चालू ठेवावे. उपवास करवू नये.

जंतुनाशक गोळ्या मनाने घेऊ नयेत. साध्या जुलाबांत त्यांची बहुधा गरज नसते. रक्त किंवा ताप असता शौच रोखणारी गोळी तर मुळीच घेऊ नये.

सुकल्याची चिन्हे, रक्त, मोठा ताप, न थांबणारी उलटी, अथवा दोन दिवसांत उतार नाही, असे असल्यास १०८ क्रमांकास कळवून घोडेगाव, मंचर, जुन्नर किंवा नारायणगाव, जे जवळ असेल तेथील सरकारी रुग्णालय गाठावे. वाटेत पाणी पाजणे थांबवू नये. वृद्ध, गरोदर स्त्रिया आणि मधुमेह, हृदय किंवा मूत्रपिंडाचे रोगी यांनी आरंभीच डॉक्टरास विचारावे.

सन २०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्त्याच्या भागात कित्येकांस जुलाबानंतर हातापायांत दुर्बलता आली. त्या साथीत दोनशेहून अधिक रोगी आढळले. जुलाब थांबल्यावर पायांस मुंग्या येऊन बळ जाऊ लागल्यास त्याच दिवशी रुग्णालयात जावे.

प्रतिबंध. पाणी खळखळ उकळी फुटल्यावर एक मिनिट उकळावे, अथवा क्लोरिनची गोळी घालावी. शौचानंतर व जेवणापूर्वी साबणाने हात धुवावे. छावणीबाहेर खड्डा खणून मळ झाकावा, अशी आज्ञा इस्राएल लोकांस होती (अनुवाद २३:१२-१३). आपण शौचकूप वापरून तीच पाळतो.

माल्टा बेटावर पुब्ल्याचा बाप ताप व आमांश यांनी पडला असता पौल त्याच्या बिछान्याजवळ गेला व त्याने प्रार्थना केली (प्रेषितांची कृत्ये २८:८). ही हकीकत लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता. सुवार्तिक बंधूंनो, तुम्हांसही असेच बोलावणे येते. प्रार्थना करा आणि पेलाही भरा. तुम्ही पोहोचल्यापासून गाडी येईपर्यंतचा तास रोग्यास अतिमोलाचा असतो.

मंडळीत विचारण्यासाठी प्रश्न : १. जुलाबात पाणी बंद केल्याने काय होते? २. एक लिटर पाण्यात साखर व मीठ किती घालावे? ३. कोणती चिन्हे दिसताच रुग्णालयात न्यावे? ४. आपल्या वस्तीच्या विहिरीत मळ कोठून उतरतो, व तो अडविण्यास आपण या आठवड्यात काय करू?